वाढत्या अंगाची झडप



काल याच व्यासपीठावरून आपण संतवाङ्मयावरील व्याख्यान ऐकलेत, उद्या अर्थकारणावर ऐकणार आहात; या दोहोंच्या मध्ये कारखान्यातला व्हॉल्व्ह कोठून उपटला, असा प्रश्न पत्रिका वाचताना आपल्या मनात आला असल्यास त्यात आपला काही दोष नाही. व्हॉल्व्हचा कोणी गौरव केल्याचे मी तरी ऐकलेले नाही. आगगाडीला नाव असते, पुलाला नाव असते, धरणाला तर पुढाऱ्याचे नाव असते. व्हॉल्व्हला फक्त नंबर असतो. परंतु शेतात पडणारे खत, मोटारीतले पेट्रोल, चहात घातलेली साखर, या साऱ्या वस्तू ज्या कारखान्यांतून येतात तेथे उकळते, दाबलेले, प्रसंगी विषारी असे द्रव आणि वायू नळांतून धावत असतात, आणि त्यांनी किती धावावे हे माणसाच्या हाताऐवजी एक आपोआप हलणारी झडप ठरवीत असते. ती झडप केवढी असावी हा प्रश्न वरवर शिंप्याच्या मापासारखा वाटतो. त्याचे धड उत्तर हाती यायला दोनअडीचशे वर्षे लागली, आणि ते उत्तर हाती आल्यानंतरही ते विसरल्यामुळे माणसे मेली. म्हणून तो इतिहासाचा विषय आहे.

आरंभ घरापासून करू. आपल्या न्हाणीघरातील नळ उघडून पाहा. पहिल्या अर्ध्या फेऱ्यात पाणी जोराने येऊ लागते. पुढे तोटी आणखी तीन फेरे फिरवली तरी बादली काही लवकर भरत नाही. असे का व्हावे? तोटी थोडी उघडलेली असते तेव्हा सगळ्या वाटेतील सर्वांत अरुंद जागा तीच असते, आणि पाण्याचा बहुतेक दाब तेथेच खर्ची पडतो. अडवण्याची सत्ता तिच्या हाती असते, म्हणून पाणी तिचे ऐकते. ती मोठी उघडली की ती सत्ता गच्चीवरच्या टाकीपासून आलेल्या लांबलचक नळाकडे जाते. मग तोटी नुसती शोभेची. झडप नियंत्रण करते ते वाट देऊन नव्हे, अडवून करते, आणि अडवण्यासाठी थोडा दाब तिच्या वाट्याला मुद्दाम ठेवावा लागतो. पंपावर पैसे खर्चून निर्माण केलेला दाब झडपेत उधळायचा ही गोष्ट हिशेबनीसाला कधीच पटत नाही. तो म्हणतो, झडप मोठी घ्या, अडथळा कमी करा, वीज वाचवा. आजच्या विषयातले बहुतेक भांडण या एका वाक्यात आहे.

झडपेच्या इतिहासाची सुरुवात बहुधा दनी पापँ या फ्रेंच गृहस्थापासून करतात. १६७९ साली त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आपले पाचक भांडे ठेवले. आजच्या प्रेशर कुकरची ही पणजी म्हणावी. १६८२ साली त्याने सोसायटीच्या सभासदांना या भांड्यात शिजवलेले जेवण घातले, आणि त्यात हाडेदेखील मऊ झाली होती असे जॉन एव्हलिन याने आपल्या रोजनिशीत नोंदवले आहे. भांडे फुटू नये म्हणून पापँने त्यावर दांडी आणि वजन लावलेली एक झडप बसवली. वाफेचा दाब वजनाला भारी झाला की झडप उचलायची. ही सुटकेची झडप. तिला दोनच गोष्टी ठाऊक, मिटणे आणि उघडणे. आपण जिच्याविषयी बोलत आहोत ती नियंत्रणाची झडप निराळ्या स्वभावाची आहे. ना मिटलेली ना उघडी, अशा मधल्या अवस्थेत टिकून राहणे हेच तिचे सारे काम. पापँच्या झडपेला मात्र आपण विसरू नये. शेवटी तिच्याकडे पुन्हा यावे लागणार आहे.

मधल्या अवस्थेत राहणारी झडप प्रसिद्धीस आणली जेम्स वॉटने. त्याच्या बाष्पयंत्राच्या वाफनळीत एक चकती आडवी-उभी फिरत असे. इंग्रजीत तिला थ्रॉटल म्हणतात, आणि त्या शब्दाचा अर्थ गळा आवळणे असा आहे; मला हे नाव फार यथार्थ वाटते. प्रथम हा गळा माणूस हाताने आवळीत असे. १७८८ साली वॉटने दोन गोळे फिरणारा गव्हर्नर या चकतीला जोडला. (गव्हर्नर म्हटले की आपल्याला राजभवन आठवते, हा त्याहून कामसू.) यंत्राचा वेग वाढला की गोळे बाहेर फाकत, त्यांच्या फाकण्याने दांडा सरके आणि चकती थोडी मिटे. ही कल्पना वॉटची स्वतःची नव्हती. पीठ दळणाऱ्या पवनचक्क्यांत असे गोळे आधीपासून होते. वॉटने ते झडपेला जोडले हे त्याचे श्रेय.

पुढची ऐंशी वर्षे हजारो गव्हर्नर बसले आणि एक विचित्र अनुभव आला. यंत्रे जसजशी चांगली, सफाईदार बनू लागली तसतसे गव्हर्नर बिघडू लागले. वेग वाढे, झडप मिटे, पण जरुरीपेक्षा जास्त मिटे. मग वेग पडे, झडप उघडे, तीही जरुरीपेक्षा जास्त. झोपाळ्यासारखे यंत्र हेलकावे खात राही. आमचे कारागीर आजही याला हंटिंग म्हणतात. जुन्या ओबडधोबड यंत्रातील घर्षण हाच त्याचा लगाम होता, आणि सुधारणेने तो काढून घेतला होता. १८६८ साली जेम्स क्लार्क मॅक्सवेल याने गव्हर्नरांवर एक निबंध लिहून दाखवले की हे हेलकावे विरून जातील की वाढत जातील, हे यंत्र बांधण्यापूर्वी गणिताने सांगता येते. प्रकाश आणि वीज यांचे नाते उलगडणाऱ्या माणसाने झडपेकडे वळावे यात मला मोठे समाधान वाटते. त्या निबंधाचा व्यावहारिक अर्थ असा की झडपेची हालचाल आणि तिच्यामुळे प्रवाहात पडणारा फरक यांचे प्रमाण नेमस्त असले पाहिजे. तिळभर हलल्यावर मणभर फरक पडू लागला की हेलकावे आलेच.

अमेरिकेत आयोवा संस्थानातील मार्शलटाऊन या गावी विल्यम फिशर नावाचा एक गृहस्थ होता. गावात मोठी आग लागली असता नळांतील दाब कायम राखण्यासाठी वाफेच्या पंपांची झडप त्याला अहोरात्र हाताने कमीजास्त करीत बसावे लागले, असे सांगतात. त्या जागरणातून त्याला जे सुचले ते १८८० साली तयार झाले: पाण्याचा दाब स्वतःच पंपाची वाफ कमीजास्त करील असा नियंत्रक. पाण्यालाच पाण्याची राखण करायला लावण्याची ही युक्ती आपल्याला अगदीच परकी नाही. १९०३ साली विश्वेश्वरय्यांनी पूर येताच आपोआप उघडणाऱ्या आणि ओसरताच मिटणाऱ्या दरवाजांचे पेटंट घेतले, आणि ते दरवाजे प्रथम बसले ते खडकवासल्याला. पुढे तेलशुद्धीचे आणि रसायनांचे कारखाने निघाले, झडपेच्या माथ्यावर रबरी पडदा आणि स्प्रिंग आली, दाबलेल्या हवेच्या इशाऱ्याने दूरवरून झडप हलू लागली. हे सारे झाले. पण झडप केवढी घ्यावी याचा विचार मात्र नळाच्या मापापाशीच अडकून राहिला. चार इंची नळ, म्हणून चार इंची व्हॉल्व्ह.

वास्तविक मूळ नियम फार जुना होता. तोरिचेल्ली याने १६४४ साली छापले की भांड्याच्या भोकातून पडणाऱ्या पाण्याचा वेग वरच्या पाण्याच्या उंचीच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. म्हणजे दुप्पट वेग हवा तर चौपट उंची हवी. न्यूटनच्या ध्यानात आले की भोकाबाहेर पडल्यावर धार आणखी थोडी आकसते, आणि सर्वांत अरुंद जागा भोकात नसून भोकाच्या किंचित पुढे असते. १७३८ साली दानिएल बेर्नुली याने दाब आणि वेग यांचा जमाखर्च मांडला: वेग वाढला की दाब घटतो. तेव्हा झडपेच्या गळ्यात पाणी सर्वांत वेगवान आणि दाब सर्वांत कमी. पुढे जागा रुंदावली की वेग पडतो आणि दाब काही अंशी परत येतो. हे तीन दुवे ध्यानात असू द्यावेत.

हे सारे एका आकड्यात बसवण्याचे काम अमेरिकेतल्या मेसननीलन या व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कंपनीने केले. १९४४ साली तिने सी-व्ही नावाचा गुणांक प्रचारात आणला. व्हॉल्व्हच्या दोन बाजूंत दर चौरस इंचास एक पौंड दाबाचा फरक असताना त्यातून मिनिटाला किती अमेरिकन गॅलन पाणी जाते, तो त्याचा सी-व्ही. मापही गावठी आणि वाक्यही साधे. परंतु त्याने मोठीच गोष्ट साधली. ज्याचा सी-व्ही १० त्यातून १ पौंड फरकाला १० गॅलन जातात, ४ पौंडांना २० आणि १०० पौंडांना १०० गॅलन. आता व्हॉल्व्हची ओळख नळाच्या मापाने न होता त्याच्या कर्तृत्वाने होऊ लागली. आधी विचारायचे, किती प्रवाह हवा. मग विचारायचे, अडवण्यासाठी किती दाब मिळेल. भागाकार केला की सी-व्ही आला. बहुतेक वेळा उत्तर नळापेक्षा लहान व्हॉल्व्हचे निघते.

वायूंची गोष्ट थोडी निराळी. १८३९ साली साँ-व्हनाँ आणि वाँत्सेल या दोघा फ्रेंचांनी भोकातून जाणाऱ्या हवेचा अभ्यास केला. पलीकडचा दाब कमी करीत नेला तर हवा अधिकाधिक येते, पण तो अलीकडच्या दाबाच्या निम्म्याच्या आसपास उतरला की प्रवाह वाढणे थांबते. पलीकडे निर्वात केले तरी ढिम्म. भोकात वायूने ध्वनीचा वेग गाठलेला असतो, आणि पुढची बातमी मागे पोचण्याचा मार्गच बंद होतो. याला आम्ही प्रवाह गुदमरला असे म्हणतो. अशा ठिकाणी साध्या वर्गमुळाच्या हिशेबाने जाणारा मनुष्य फसतो.

इतके असून व्हॉल्व्ह मोठे का बसतात? याचे उत्तर गणितात नसून स्वभावात आहे. आपल्याकडे मुलाचा सदरा वाढत्या अंगाचा शिवतात. यंदा ढगळ, पुढच्या वर्षी ठीक. कारखान्याचा आराखडा करणारा म्हणतो, उद्या उत्पादन वाढेल, वीस टक्के जास्त धरा. पंपवाला त्यावर पंधरा टक्के चढवतो. खरेदी खात्यातील सावध गृहस्थ आणखी दहा. तिघांचा गुणाकार दीडपटीवर जातो. त्या मापाचा व्हॉल्व्ह बाजारात नसतो, म्हणून वरचे माप घेतात. शिवाय मुळातला आकडा जास्तीत जास्त प्रवाहाचा असतो आणि कारखाना बहुतेक दिवस त्याच्या बराच खाली चालतो. प्रत्येकाने शहाणपणाच केला. परंतु व्हॉल्व्हचे अंग काही वाढत नाही, आणि तो जन्मभर जेमतेम किलकिला राहतो.

माझ्या तरुणपणची हकीकत सांगतो. एका साखर कारखान्यात बॉयलरची वाफ उतरवून रस आटवण्याच्या भांड्यांना पुरवणारा एक व्हॉल्व्ह होता. टर्बाइनमधून बाहेर पडणारी वाफ कमी पडली की तूट याने भरून काढायची. अलीकडे दाब एकवीस किलो, पलीकडे जेमतेम एक. म्हणजे प्रवाह सदाचा गुदमरलेला. नळ चार इंची, व्हॉल्व्ह चार इंची. दाबाच्या घड्याळाचा काटा दिवसभर नाचत असे, भांड्यांत रस कधी उसळे तर कधी मरगळे, आणि दर हंगामात व्हॉल्व्ह उघडला की त्याच्या बैठकीवर तारेने कापल्यासारख्या बारीक खाचा दिसत. बैठकीपासून केसभर उचललेल्या बुचाखालून सुटणारी वाफ पात्यासारखे काम करते. तीन हंगाम बैठका बदलल्या, कारखानदाराला पत्रे लिहिली, धातूला नावे ठेवली. चौथ्या वर्षी मी हिशेब मांडला तेव्हा जरुरीच्या सात-आठपट मोठा व्हॉल्व्ह निघाला. मी दोन इंची मागवला.

आमचे वयस्कर फिटर मिस्त्री तो पाहून म्हणाले, “साहेब, चार इंची लाइनीत हा दोन इंची? हजार पानांच्या पंगतीला एकच वाढपी उभा केल्यासारखं व्हायचं हे.” मी म्हटले, “मिस्त्री, बसवून तर बघू.” व्हॉल्व्ह बसला आणि काटा आठ तास जागचा हलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो मिस्त्री घड्याळाच्या काचेवर टिचक्या मारीत उभे. काटा अडकला असावा अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

साखर कारखान्यातील वाफ ही तशी गरीब. आता जेथे खरी कसोटी लागते तिकडे वळू, आणि त्यासाठी समुद्रावरून जावे लागेल. १८९३ च्या सुमारास इंग्रजी आरमाराच्या डेअरिंग या नव्या नौकेच्या चाचण्या चालू असता तिचे पंखे वेगाने फिरत, पण नौका अपेक्षेइतकी पळेना. थॉर्निक्रॉफ्ट आणि बार्नबी यांनी कारण शोधले. पंख्याच्या पाठीमागे दाब इतका उतरे की थंड पाणी तेथेच उकळून त्यात वाफेच्या पोकळ्या होत, आणि पंखा पाण्याऐवजी फेस घुसळीत बसे. या प्रकाराला कॅव्हिटेशन हे नाव मिळाले. चार्ल्स पार्सन्सच्या टर्बिनिया या टर्बाइनच्या बोटीलाही १८९४ साली हीच अडचण आली. त्याने एका दांड्याऐवजी तीन दांडे आणि त्यांवर नऊ पंखे लावून काम वाटून दिले तेव्हा ती वाऱ्यासारखी धावली. व्हिक्टोरिया राणीच्या ज्या ज्युबिलीच्या रात्री, २२ जून १८९७ रोजी, गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकरांनी रँडवर गोळी झाडली, त्याच ज्युबिलीच्या आरमारी संचलनात चार दिवसांनी ही चिमुकली बोट युद्धनौकांच्या रांगांतून सुसाट निघून गेली आणि पाठलाग करणाऱ्यांच्या हाती लागली नाही. एकाच उत्सवाच्या या दोन आठवणी आहेत. पुण्यात कोणती राहिली हे सांगण्याची गरज नाही.

पोकळ्या होतात त्यापेक्षा त्या मिटतात ते अधिक वाईट. दाब परत चढला की वाफेचा बुडबुडा आत कोसळतो. १९१७ साली लॉर्ड रॅले याने या कोसळण्याचे गणित केले. बुडबुडा मूळ त्रिज्येच्या विसाव्या हिश्शाला येईतो त्याच्याभोवती पाण्यात हवेच्या दाबाच्या हजारपटीहून जास्त दाब उभा राहू शकतो, असे त्यातून निघते. एवढे घाव टिंबाएवढ्या जागेवर, सेकंदाला असंख्य. महायुद्धाच्या काळात आरमाराचे पितळी पंखे कुरतडले गेले याचे मर्म हेच होते.

आता मघाचा बेर्नुली आठवा. व्हॉल्व्हच्या गळ्यात दाब सर्वांत कमी, पुढे तो परत येतो. म्हणजे गळ्यात पोकळ्या होणार आणि पुढे रुंद जागेत कोसळणार. अशा व्हॉल्व्हजवळ उभे राहिल्यास नळातून खडी वाहत असल्यासारखा आवाज येतो, आणि उघडून पाहिल्यास बुचावर देवीचे वण उमटलेले असतात. येथे आणखी एक उलटी गोष्ट आहे. ज्या व्हॉल्व्हची वाट गुळगुळीत आणि सरळ, त्यात दाब जास्त परत येतो, म्हणजे त्याच कामासाठी गळ्यात तो अधिक खोल जातो. म्हणून पाहायला सुबक, अडथळा कमी असलेला व्हॉल्व्ह कठीण कामात आधी बिघडतो, आणि वाकडीतिकडी वाट असलेला टिकतो.

या वाकडेपणाचे महत्त्व समजायला खोपोलीला जावे. १९१५ साली सुरू झालेल्या टाटांच्या जलविद्युत केंद्रात लोणावळ्याकडचे पाणी सुमारे १,७०० फूट एका दमात खाली येते. तळाशी तोंडातून सुटताना त्याचा वेग सेकंदाला शंभर मीटरच्या घरात जातो, आणि त्या धारेने पेल्टन चाक फिरते. तोंडात भाल्याच्या आकाराची एक सुई मागेपुढे सरकून धार जाडबारीक करते. तीही नियंत्रणाची झडपच, आणि कसोटी लागावी अशाच कामातली. पण तेथे धारेचा वेग आपल्याला हवा आहे, त्याचे पैसे मिळतात. म्हणून ती सुई शक्य तितकी गुळगुळीत. तेलशुद्धीच्या कारखान्यात दीडशे वातावरणांच्या दाबातील तेल दहा वातावरणांच्या टाकीत उतरवायचे असते तेव्हा तोच वेग वैरी होतो. तो जिरवायचा असतो. आता खोपोलीहूनच मान वर करून पाहा. जे पाणी नळातून सरळ कोसळते त्याच उंचीवरून बैलगाड्या बोरघाटाने उतरत, वळणे घेत घेत, ब्रेक दाबून, कोठेही वेग हाताबाहेर न जाऊ देता. १९६० नंतरच्या दशकांत कठीण कामांसाठी जे व्हॉल्व्ह निघाले त्यांची युक्ती घाटाचीच आहे. एकाच गळ्यात सारा दाब न उतरवता पाच, दहा, कधी वीस टप्प्यांत उतरवायचा. चकत्यांवर चकत्या रचून त्यांत काटकोनी वळणांच्या वाटा कोरायच्या. कोणत्याच टप्प्यात दाब द्रवाच्या उकळण्याच्या मर्यादेखाली गेला नाही की पोकळ्याच होत नाहीत.

घाटालाही मर्यादा आहे. पलीकडच्या टाकीचाच दाब इतका कमी असेल की तेथे द्रव उकळणारच, तर कितीही वळणे घेतली तरी वाफ होणारच. याला फ्लॅशिंग म्हणतात. तेथे वाफेत मिसळलेले थेंब वाळूच्या माऱ्यासारखे धातू झिजवतात, आणि इलाज एवढाच की काटकोनी अंगाचा व्हॉल्व्ह घ्यायचा, बुच आणि बैठक स्टेलाइटसारख्या कठीण मिश्रधातूची करायची, आणि धार कोठेही भिंतीवर न आदळता सरळ रुंद टाकीत सोडायची.

येथवर जे सांगितले त्यात फार तर धातू झिजतो, काटा नाचतो, पैसा जातो. आता २२ मार्च १९८७ या दिवसाकडे येऊ. स्कॉटलंडमध्ये ग्रेंजमाउथ येथे एक तेलशुद्धी कारखाना होता. तेथील हायड्रोक्रॅकर विभागात दोन टाक्या होत्या. पहिलीत सुमारे १५५ बार दाब (एक बार म्हणजे ढोबळ मानाने हवेचा एक दाब), खाली तेल आणि वर हायड्रोजनयुक्त वायू. दुसरीत सुमारे ९ बार. दोहोंच्या मध्ये तेल उतरवणारा नियंत्रणाचा व्हॉल्व्ह. पहिल्या टाकीत जोवर तेल आहे तोवर व्हॉल्व्हमधून तेल जाते आणि त्या तेलानेच वरचा वायू कोंडून राहतो. विहिरीत पाणी असेपर्यंत मोटेत हवा येत नाही तसे. त्या पहाटे विभाग पुन्हा सुरू करण्याची खटपट चालली होती. तेलाची पातळी दाखवणाऱ्या यंत्रावर कामगारांचा भरवसा नव्हता, आणि ज्या दुसऱ्या नोंदीकडे ते पाहत तिच्या आकड्यातच फरक होता. पातळी फार उतरल्यास व्हॉल्व्ह आपोआप मिटवणारी जी सोय होती ती पूर्वीच तोडून टाकलेली होती. व्हॉल्व्ह उघडा राहिला, तेल संपले, आणि १५५ बारांचा वायू ९ बारांच्या टाकीत घुसला. ती टाकी सुमारे ५० बारांना फाटली असा तपासात अंदाज निघाला. सकाळी सातच्या सुमारास स्फोट झाला, एक मनुष्य ठार झाला, आणि टाकीचा एक प्रचंड तुकडा जवळजवळ किलोमीटरभर दूर जाऊन पडला.

आपण विचाराल, त्या दुसऱ्या टाकीवर पापँची सुटकेची झडप नव्हती काय? होती. तिचे माप चुकले होते काय? तर टाकीभोवती आग लागल्यास आतले तेल तापून जेवढी वाफ होईल तेवढी बाहेर सोडण्यास ती पुरेशी होती. त्या हिशेबाने ती बरोबर होती. परंतु शेजारचा नियंत्रणाचा व्हॉल्व्ह सताड उघडा राहून त्यातून तेलाऐवजी वायू आला तर किती येईल, हा आकडा तिच्या हिशेबात धरलेला नव्हता. तो आकडा काढायला काय लागते? व्हॉल्व्हचा सी-व्ही, आणि साँ-व्हनाँने १८३९ साली सांगितलेला गुदमरलेल्या प्रवाहाचा नियम. दोन्ही गोष्टी त्या दिवशी ग्रंथांत होत्या.

आज अशा ठिकाणी उलट बाजूने विचार करतात. नियंत्रणाचा व्हॉल्व्ह पुरता उघडा अडकला आहे आणि त्यातून वायूच येत आहे असे धरून पलीकडची सुटकेची झडप मापतात. म्हणजे वाढत्या अंगाचा व्हॉल्व्ह घेणाऱ्याने नुसता काटा नाचवला असे होत नाही. त्याने शेजारच्या टाकीवर किती लोंढा येऊ शकतो हेही वाढवले, आणि त्या टाकीचा मालक बहुधा दुसरा इंजिनियर असतो. शिवाय मूळ व्हॉल्व्ह अगदी मापाचा असला तरी पुढे दहा वर्षांनी कोणी तरी झिजलेले बुच आणि बैठक काढून त्याच अंगात मोठ्या मापाची बसवतो. बाहेरून काहीच बदललेले दिसत नाही. तोच व्हॉल्व्ह, तोच नंबर, तोच रंग.

यासाठी पुढे मी जेथे जेथे काम केले तेथे एक पद्धत पाडली. व्हॉल्व्हच्या अंगावर आत बसवलेल्या बुचाचा सी-व्ही पांढऱ्या रंगाने ठळक लिहायचा, आणि आतले बुच बदलले तर तो खोडून नवा लिहिल्याशिवाय व्हॉल्व्ह पुन्हा लाइनीत चढवायचा नाही. त्या साखर कारखान्यात नंतर एकदा जाण्याचा योग आला. मिस्त्री निवृत्त झाले होते, दोन इंची व्हॉल्व्ह जागेवर होता, आकडा स्पष्ट वाचता येत होता. स्टोअरमध्ये डोकावलो तर जुना चार इंची तेलकट गोणपाटात गुंडाळून ठेवलेला दिसला. त्याला एक चिठ्ठी बांधली होती: “चालू स्थितीत. पुढे लागेल.”